जोडीची गाडी

फडतरे माझ्या पलंगाशी उकिडवे बसून जमिनीपासून गादीपर्यंतची उंची मोजत होते. पट्टी पोलादी होती, बोट सोडलं की सर्रकन आत जाणारी. एस.टी.च्या कार्यशाळेत छत्तीस वर्षं काढलेल्या त्या हाताला ती शोभून दिसे. आकडा त्यांनी वहीत उतरवला. मग उशीवर तळहात दाबून पाहिला आणि खिडकीचं दार किती उघडतं तेही पाहिलं. वैशाखातली सकाळ होती. खोलीत ऊन इतकं स्वच्छ पडलं होतं, की एखाद्या मृताच्या खोलीचा पंचनामा चालला आहे आणि तो मृत मीच, असं क्षणभर वाटून गेलं.

"झोपता कुठल्या कुशीवर?" त्यांनी विचारलं.

"डाव्या."

"ऑपरेशनाच्या आदीपास्नं, का नंतर?"

मी आठवून सांगितलं, की आधीपासूनच. त्यांनी तेही लिहिलं. मग ते स्वयंपाकघरात गेले. करडईच्या तेलाच्या डब्याचं झाकण उघडून त्यांनी वास घेतला. ज्वारीचं पीठ चिमटीत धरून किती जाडंभरडं दळलेलं आहे ते पाहिलं. माझ्या एकट्याच्या घरात ते असे फिरत होते, जणू एखादं यंत्र उघडून ठेवलं आहे आणि हात घालण्याआधी त्याची रचना ते समजून घेत आहेत.

आम्हां दोघांची ओळख इस्पितळातली. त्या सकाळच्या चार वर्षं आधी साताऱ्यातल्या एका खासगी इस्पितळात आम्ही एकाच दिवशी दाखल झालो. मी महाविद्यालयात मराठी शिकवून निवृत्त झालेला आणि ते कार्यशाळेचे फोरमन, दोघेही साठीच्या आसपासचे. हृदयाच्या पुढच्या अंगाने खाली उतरणारी मोठी रक्तवाहिनी दोघांचीही जवळपास एकाच जागी बुजली होती. एका दुपारी, तासाभराच्या अंतराने, दोघांनाही एकाच मापाची स्टेंटची जाळी बसवण्यात आली. शेजारशेजारच्या खाटांवर आम्ही सहा दिवस काढले. तिसऱ्या दिवशी फडतरे छताकडे बघत म्हणाले होते, "सर, आपण एकाच दिवशी बाहेर पडलेल्या गाड्या. जोडीच्या."

जोडी तिथेच फुटली. आठ महिन्यांत त्यांची जाळी आतून पुन्हा भरली. दुसरी बसवली, तर दोन वर्षांनी दुसऱ्याच वाहिनीने दगा दिला. मला मात्र काही झालं नाही. इस्पितळात दरवर्षी हृदयरुग्णांचा मेळावा भरे. डॉक्टर करंबेळकर बाई मला मंचावर बोलावत, शाल आणि श्रीफळ देत आणि समोर बसलेल्या दीडदोनशे माणसांना सांगत, की नियमाने राहिलं तर काय होतं ते इनामदार सरांकडे बघून शिका. फडतरे तिसऱ्या रांगेत बसलेले असत. टाळ्या वाजवताना त्यांची नजर माझ्या छातीवर खिळलेली असे.

त्या चैत्रात त्यांची पुन्हा तपासणी झाली आणि बाईंनी स्पष्ट सांगितलं, की आता जाळ्यांचा खेळ पुरे, पुण्याला जाऊन बायपास करून घ्या. फडतऱ्यांनी नाही म्हटलं नाही. कारण समजल्याशिवाय इंजिन उघडू देणार नाही, इतकंच म्हटलं. तंबाखू त्यांनी पहिल्याच दिवशी सोडली होती, गोळी कधी चुकवली नव्हती, साखर नव्हती, आईबाप ऐंशीपर्यंत जगले होते. तरी आपलंच का, हा त्यांचा प्रश्न होता. बाईंनी त्यांना चार कारणं समजावून सांगितली आणि पाचवं आपल्याला ठाऊक नाही, असं प्रांजळपणे कबूलही केलं. त्या कबुलीनेच घात केला. ज्या माणसाने आयुष्यभर एकही बिघाड 'कळत नाही' म्हणून सोडला नव्हता, त्याच्यापुढे तिने एक मोकळी जागा ठेवली.

त्या जागेत त्यांनी मला बसवलं.

"आमच्याकडं काय असतं," पलंगाचं माप घेऊन झाल्यावर ओट्याला टेकून ते मला समजावत होते, "दोन गाड्या एकाच दिवशी तयार हून भाईर पडत्यात. तेच इंजिन, तीच बॉडी. एक घाटात हुबी ऱ्हाती, दुसरी ऱ्हात न्हाई. मग आम्ही चांगल्या गाडीचा एक पार्ट काढतो आन् बिघडल्यालीत घालतो. फिरवून बघतो. न्हाई जमलं तर दुसरा. पर एका टायमाला एकच. दोन बदलले की दोष कुटं व्हता ते कळत न्हाई."

"आणि चांगल्या गाडीचं काय होतं?" मी विचारलं.

"तिला काय व्हतंय? तिचा पार्ट तिला परत घालायचा."

मी हसलो. तेही हसले. माझ्या हसण्यात सौजन्याचा भाग जास्त होता. त्यांचं हसणं खरं होतं.

पहिल्या महिन्यात त्यांनी माझं अन्न उचललं. ज्वारीची भाकरी, दुधी, मुगाचं कढण, आणि संध्याकाळी सातनंतर काही नाही. दुसऱ्या महिन्यात झोप: पलंगाचे पाय कापून माझ्या मापाइतके केले आणि डाव्या कुशीची सवय लागावी म्हणून पाठीशी लाकडाची फळी लावून घेतली. तिसऱ्या महिन्यात तेल. महिना संपला, की ते माझ्याकडे येत आणि वहीतलं पान उलटून पुढचा भाग कोणता घ्यायचा ते ठरवत. मधल्या काळात बाईंचे निरोप येतच होते. फडतरे गोळ्या घेत, तारीख पुढे ढकलत आणि म्हणत, दिवाळीपर्यंत थांबा.

त्यांच्या पत्नी कलावतीवहिनी या सगळ्याला हसत. दोन खोल्यांच्या घरात त्या आता माझं घर चालवतात, असं त्यांचं म्हणणं होतं. एकदा बाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, की सर, तुम्ही कारलं खात असाल तर आधीच सांगून ठेवा, म्हणजे मी माहेरी जाते. पण हसता हसता त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि मान खाली घालून विचारलं, की यानं होईल ना बरं? मी म्हटलं, नियमाचा फायदा होतोच. मंचावर मी जे वाक्य दरवर्षी म्हणत असे, ते हेच.

चौथ्या महिन्यात त्यांनी कविता मागितली. माझ्या टेबलावर रोज सकाळी एक संग्रह उघडा असतो, हे त्यांनी टिपून ठेवलं होतं. मी म्हटलं, याचा काही संबंध नाही. ते म्हणाले, संबंध हाय का न्हाई ते गाडी ठरवंल. एक जाडसा संग्रह ते घेऊन गेले. आठवड्याने आले ते गंभीर होऊन. रोज दिवेलागणीला एक पान ते वहिनींना मोठ्याने वाचून दाखवत होते, कार्यशाळेत परिपत्रक वाचावं तसं. त्यांना एकच शंका होती.

"सर, ह्या कवितांना शेवट न्हाई. मधीच थांबत्यात. पुढची पानं फाटल्यात का?"

मी त्यांना सांगू पाहिलं, की थांबण्यातच कवितेचा अर्थ असतो. त्यांनी मान डोलावली आणि वहीत लिहिलं. काय लिहिलं ते त्यांनी दाखवलं नाही, मीही विचारलं नाही. आज वाटतं, विचारायला हवं होतं.

पाचव्या महिन्यात ते माझ्याबरोबर चालायला लागले. चार भिंती या डोंगरावरच्या स्मारकाकडे चढत जाणारा रस्ता मी रोज सकाळी चालत असे. भाद्रपद संपत आला होता. डोंगर गवताने इतका भरला होता, की त्याच्या अंगावर एकही खडक उरला नसावा असं वाटे. धुकं शहरावर असं पसरलेलं असे, की खाली माणसं राहतात यावर विश्वास बसू नये. मी पुढे, ते माझ्यामागे दोन पावलं. ते बोलत नसत. माझी चाल ऐकत. माझा उजवा पाय पडला की त्यांचा उजवा पडे. कुणीतरी आपलं शरीर आपल्यामागून चालवत आणत आहे, ही जाणीव मणक्यातून हळूहळू वर चढते. मी मागे वळून पाहत नसे.

चढावर मी तीन ठिकाणी थांबत असे. पहिल्यांदा मोरीपाशी, तिथून शहर दिसतं म्हणून. दुसऱ्यांदा एका उंच सावरीखाली. तिसऱ्यांदा शेवटच्या वळणावर, मनात घोळणारी एखादी ओळ पुरी व्हावी म्हणून. निदान फडतऱ्यांनी विचारलं तेव्हा मी हीच कारणं सांगितली होती. काही दिवस ते माझ्याबरोबर थांबले. मग एका सकाळी, मोरी आली आणि मी थांबायच्या आत, मागची पावलं थांबली. मी वळून पाहिलं. फडतरे रस्त्याच्या कडेला उभे होते, एक हात कठड्यावर, दुसरा छातीशी, बोटं किंचित वळलेली, नजर शहराकडे. श्वास लागलेला नव्हता. चेहऱ्यावर वेदना नव्हती. ते केवळ एक मुद्रा धारण करून उभे होते.

ती मुद्रा माझी होती.

चार वर्षांत मी स्वतःला तसं उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. आरसे डोंगरावर नसतात.

"हितं थांबायचं असतंय ना?" ते म्हणाले. "मी म्हटलं, आजपास्नं हाच पार्ट घेऊ."

दिवाळी आली. बायपासची तारीख पुण्याच्या शल्यचिकित्सकाने आता पक्की दिली होती, भाऊबीजेनंतरचा मंगळवार. करंबेळकर बाईंनी फडतऱ्यांना बजावलं होतं, की ही तारीख चुकली तर पुढचं मी बोलणार नाही. पाडव्याच्या सकाळी फराळाचा डबा घेऊन ते माझ्याकडे आले. माझी मुलगी अरुंधती पुण्याहून आली होती. ती स्वयंपाकघरात होती. दार उघडं होतं आणि तिच्या बांगड्या वाजत होत्या.

फडतरे बसले नाहीत. डबा टेबलावर ठेवून उभेच राहिले.

"सर, सा महिने झाले. मला दम कमी लागतोय, खोटं न्हाई सांगत. पर मंगळवारी छाती फाडून घ्यायची का न्हाई, ते आज ठरवाया आलोय. एकच इचारतो, खरं सांगा. चढावर तुम्हाला कदी काय होतं का? छातीत, खांद्यात, दाढंत? इतकुसं बी?"

स्वयंपाकघरातल्या बांगड्या थांबल्या.

"नाही," मी म्हणालो. "कधीच नाही."

"बास," ते म्हणाले. "मग माझी गाडी बी येनार लायनीवर." आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरून, मी त्यांचा गुरू असल्यासारखा, वाकून नमस्कार केला.

खरं असं होतं. तीन वर्षांपासून मोरीपाशी पोहोचलो, की कुणीतरी आपला जड तळवा माझ्या छातीच्या मधोमध ठेवत असे. थांबलो की तो उचलत असे. सावरीपाशी पुन्हा ठेवत असे. वळणावर पुन्हा. वेदना म्हणावी असं ते नव्हतं. ती एक ताकीद होती, आणि ताकिदींशी जुळवून घेण्याची कला मला चांगली अवगत होती. मी शहर पाहत असे, झाड पाहत असे, ओळ जुळवत असे. बाईंच्या प्रत्येक तपासणीला 'काही त्रास?' या प्रश्नावर मी 'नाही' म्हणत असे. पहिल्यांदा म्हटलं ते अरुंधतीसाठी. तिने मला स्वच्छ सांगितलं होतं, की पुन्हा छातीत दुखलं तर एक दिवसही इथे एकटं ठेवणार नाही. तिच्या पुण्याच्या नवव्या मजल्यावर माझ्यासाठी एक खोली रंगवून तयार होती. मला हे घर हवं होतं, हे टेबल, ही खिडकी. नंतर मात्र मी मंचासाठी 'नाही' म्हणू लागलो. दुसऱ्या वर्षीची शाल पहिल्या वर्षीच्या शालीपेक्षा उबदार असते, हे ज्याला मिळालेली नाही त्याला कळणार नाही.

आणि जाळी बसवलेल्यांचा हिशेब बाई ज्या फायलीत ठेवत, तिच्यात मी टिकलेल्यांच्या रकान्यात होतो.

भाऊबीजेच्या संध्याकाळी अरुंधती गेली. आता घरात ऐकणारं कोणी नव्हतं. दुसऱ्या सकाळी चढावर फडतऱ्यांना सगळं सांगायचं, असं मी ठरवलं होतं. वाक्यही तयार केलं होतं, सोपं आणि सरळ, एकही विशेषण नसलेलं. पण ते मोरीवर माझ्याआधी येऊन उभे होते. पुण्याला फोन करून तारीख रद्द केल्याचं त्यांनीच मला सांगितलं. सहा महिन्यांत मी त्यांना इतकं मोकळं पाहिलं नव्हतं. नातवासाठी लाकडाची एस.टी. करायला घेतली आहे, दारं उघडणारी, असं ते सांगत राहिले. माझं वाक्य तोंडाशी येऊन थांबलं. काल सांगितलं असतं तर ती केवळ एक कबुली ठरली असती. आज ते मोठं पातक झालं असतं. माणूस एका रात्रीत खोट्याकडून अधिक खोट्याकडे कसा जातो, हे मी वर्गात किती नाटकांच्या निमित्ताने समजावलं होतं. प्रत्यक्षात त्याला काहीच लागत नाही. फक्त समोरच्याचा आनंद लागतो.

त्या दुपारी करंबेळकर बाईंचा मला फोन आला. फडतरे तुमचं ऐकतात, त्यांना समजवा, असं त्या म्हणाल्या. हे सगळं त्यांनी तुमच्याकडे बघून केलं आहे, हेही म्हणाल्या. मी म्हटलं, सांगतो. फोन ठेवून मी टेबलाशी बसलो. मला आठवतं, टेबलावरच्या उघड्या पानावर एक मुंगी एका शब्दावरून दुसऱ्या शब्दावर चालली होती आणि ती पानाच्या कडेला पोहोचेपर्यंत उठायचं नाही, असं मी ठरवलं. ती पोहोचली. मी उठलो नाही.

फडतरे त्यानंतर अकराव्या दिवशी गेले. चढावर नाही. घरच्या अंगणात, दुपारी तीनच्या सुमारास, उन्हात बसून लाकडाच्या गाडीचं चाक घासताना. वहिनींकडे त्यांनी पाणी मागितलं. त्या तांब्या घेऊन आल्या तेव्हा चाक त्यांच्या हातात तसंच होतं आणि मान भिंतीला टेकली होती. आधी त्यांना वाटलं, डुलकी लागली. डाव्या कुशीवर कलले होते ते.

तेराव्यानंतर तिसऱ्या दिवशी कलावतीवहिनी माझ्या दारात आल्या. त्यांना डॉक्टरबाईंना भेटायचं होतं आणि एकटीने जायचा धीर नव्हता. आम्ही रिक्षाने गेलो. बाईंच्या खोलीत बसल्यावर त्यांनी पदर दोन्ही हातांत घट्ट धरला आणि, बाईंकडे नव्हे, टेबलावरच्या हृदयाच्या प्लॅस्टिकच्या प्रतिकृतीकडे बघत बोलायला सुरुवात केली. तिसऱ्या महिन्यात करडईचं तेल संपलं होतं. दुकानात मिळालं नाही. आठ दिवस त्यांनी शेंगदाण्याचं वापरलं आणि नवऱ्याला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर त्याने महिना पहिल्यापासून मोजला असता. आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तो डोळे झाकून कवितेचं पान पाठ म्हणत बसला होता, तेव्हा त्याच्या भाकरीला त्यांनी तूप लावलं. थोडंसं. सण होता म्हणून.

"म्या मारलं त्यांस्नी," त्या म्हणाल्या. आवाज अगदी सपाट होता, जणू हे वाक्य त्यांनी गेले सोळा दिवस तोंडात घोळवून गुळगुळीत केलं होतं.

बाईंनी त्यांचा हात धरला. आठ दिवसांच्या तेलाने आणि चमचाभर तुपाने असं होत नाही, हे त्यांनी पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. वहिनी ऐकत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत काहीही शिरत नव्हतं. शेवटी त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"मग हे कसं ऱ्हायलं? त्योच रोग, तीच जाळी. ह्यांच्या घरात करडईच हाय. ह्यांनी नेम मोडला न्हाई, म्या मोडला. येवढाच फरक हाय की न्हाई, तुमीच सांगा."

बाई माझ्याकडे पाहू लागल्या. माझ्याकडून त्यांना सांत्वनाचं एखादं वाक्य हवं होतं. शब्द हाच माझा पेशा, हे त्यांना ठाऊक होतं.

त्या खोलीत गप्प राहणं शक्य होतं, हे मी इथे नोंदवून ठेवतो. कुणीही मला विचारलं नव्हतं. कलावतीवहिनी आपल्या वाट्याचं ओझं घेऊन घरी गेल्या असत्या, उरलेलं आयुष्य त्यांनी तेलाचा डबा पाहून नजर फिरवली असती, आणि मी माघातल्या मेळाव्यात मंचावर गेलो असतो.

"मला दुखतं," मी म्हणालो. "चढावर. तीन वर्षं झाली. दर सकाळी तीनदा."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

वहिनींना आधी कळलंच नाही. त्यांनी माझ्याकडे, मग बाईंकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं. आणि मग त्यांनी अतिशय हळू, एकेक शब्द वेगळा काढून विचारलं:

"हे त्यांस्नी म्हाईत व्हतं?"

"नाही."

"त्यांनी इचारलं व्हतं?"

"विचारलं होतं. पाडव्याला."

त्या रडल्या नाहीत. पदर त्यांच्या हातातून सुटला, इतकंच. माझ्या कबुलीने त्यांच्या छातीवरचं काही उचललं असेल तर ते त्यांनी माझ्यादेखत खाली ठेवलं नाही. त्या उठल्या, बाईंना नमस्कार केला आणि निघून गेल्या. रिक्षा त्यांना एकटीलाच करावी लागली असणार.

बाईंनी मला त्याच आठवड्यात तपासणीसाठी दाखल केलं. पडद्यावर माझ्या रक्तवाहिन्या पानगळीतल्या फांद्यांसारख्या उमटल्या. जुनी जाळी स्वच्छ होती. तिच्या खालच्या अंगाला मात्र एक अरुंद जागा होती, आणि ती आजची नव्हती. दुसऱ्या दिवशी बाई माझ्या खाटेशी येऊन बसल्या. त्या माझ्यावर रागावलेल्या होत्या आणि तो राग त्यांनी लपवला नाही. तरी त्यांनी मला नीट समजावून सांगितलं, कदाचित स्वतःलाही. वाहिनीच्या भिंतीत जो थर साठतो, तो कुणाच्या आत मऊ राहतो आणि त्याच्यावर पातळ पापुद्रा असतो. तो काहीही दुखवत नाही, आणि एखाद्या दुपारी बसल्या जागी फुटतो. कुणाच्या आत तो सुकतो, चुन्यासारखा आवळत जातो. तो वाट अडवतो, चढावर दुखवतो, पण फुटत नाही.

"तुमचा दुसरा आहे," त्या म्हणाल्या. "घट्ट झालेला. म्हणून तुम्ही टिकलात. नियमाने नाही आणि तेलानेही नाही."

"आणि त्यांचा मऊ का राहिला?"

त्यांनी फाईल मिटली. "माहीत नाही, सर. ज्यांना माहीत करून घ्यायचं असतं, त्यांना लोक खरं सांगत नाहीत."

माझं नाव त्यांनी दुसऱ्या रकान्यात हलवलं. मेळाव्याचं आमंत्रण पुन्हा आलं नाही. अरुंधतीला मी स्वतःच सगळं सांगितलं. फडतऱ्यांना मी काय उत्तर दिलं होतं हेही सांगितलं, आणि ते सांगत असताना तिला तिच्या थांबलेल्या बांगड्या आठवल्या असाव्यात. पुण्याच्या खोलीचा विषय तिने पुन्हा काढला नाही. मला हे घर मिळालं.

याला आता चौदा वर्षं झाली. मी एकोणऐंशीचा आहे. नव्या गोळ्यांनी महिन्याभरातच छातीवरचा तो तळवा उचलला गेला. मोरी, सावर, वळण, सगळं मी न थांबता चढू लागलो. पुढे गुडघ्यांमुळे चढ सुटला, पण छातीने पुन्हा कधी हाक मारली नाही. बाई दरवर्षी तपासतात आणि मान हलवतात. घट्ट झालेलं टिकून आहे.

दर कार्तिकात, फडतऱ्यांच्या तिथीच्या दुसऱ्या दिवशी, कलावतीवहिनी येतात. बसत नाहीत. दारातच उभ्या राहतात, उंबऱ्याच्या बाहेर. केस आता पांढरेशुभ्र झाले आहेत आणि पाठ किंचित वाकली आहे. पहिल्या वर्षी त्या आल्या तेव्हा मला वाटलं, शिव्या देतील. मी त्यासाठी उभाच होतो. पण त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला, आणि तेव्हापासून दरवर्षी त्या तोच विचारतात. दुसरं काही बोलत नाहीत. मीही त्यांना आत या म्हणत नाही.

"अजून दुखतंय का, सर?"

"दुखतं," मी सांगतो.

"बरं," त्या म्हणतात, आणि जातात.